बाद पुस्तकाचा धर्म

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या शतकाहून जुन्या नगर वाचनालयात शिरले आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. ती हानी पुराने केली. पुस्तक माणसाने ठरवून बाद करायचे असते, तेव्हा मात्र हात अडखळतो.

चुकून पाय लागला तरी पुस्तकाला नमस्कार करणारा, दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढणारा हा समाज; जीर्ण पोथी त्याने नदीत सोडली, तराजूत घातली नाही. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्येही ज्यूंनी जीर्ण लिखाण शतकानुशतके एका कोठीत जपले.

वाचनालयाला तसे करून चालत नाही. यादी होते, समितीचा ठराव होतो, दाखल नोंदवहीत ‘बाद’ असा शेरा पडतो. मग रद्दीवाला. कसर लागलेल्या पानांबद्दल तक्रार नाही. पण शिवण घट्ट असलेली कादंबरीही किलोवर जावी, हे खटकते. पुस्तक वाचकाला विकण्यात पाप कसले? विकत घेणारा ते वाचतो तरी.

पाचगणीजवळच्या भिलारमध्ये 2017 पासून घराघरांत पुस्तके वाचकांसाठी मांडलेली आहेत. त्याच धर्तीवर सातारा-सांगलीच्या वाचनालयांनी बाद पुस्तके आधी आठवडी बाजारात दहा-वीस रुपयांना मांडावीत आणि उरतील तेवढीच रद्दीत द्यावीत.