कमांड, क्रमांक आणि झोप

बडोद्यातल्या हरणी विमानतळाच्या धावपट्टीवर उड्डाणाचे पहिले धडे गिरवता येतात, पण प्रवासी विमानाच्या वैमानिकाची नोकरी बडोद्यात राहून करणे जवळजवळ अशक्य आहे. गुजरात फ्लाइंग क्लबसारखी जुनी संस्था इथे आहे. 2016 साली विमानतळाला नवी इमारत मिळाली आणि 2024 च्या ऑक्टोबरात टाटा-एअरबसच्या सी-295 विमानांच्या कारखान्याचे उद्घाटनही झाले. तरी प्रवासी कंपन्यांची विमाने इथे येतात आणि प्रवासी बदलून परत फिरतात. त्यांच्या वैमानिकांचे मोठे बेस मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबादला, आणि जवळात जवळ म्हणजे अहमदाबादला. दांडिया बाजारातल्या किंवा वाडीतल्या घरातला मुलगा वा मुलगी दोनशे तास उडून व्यावसायिक परवाना मिळवते, घर गहाण टाकून टाइप रेटिंगचे, म्हणजे विशिष्ट जातीचे विमान उडवण्याच्या पात्रतेचे, पैसे भरते, सहवैमानिक म्हणून लागते, आणि त्या दिवसापासून नातेवाइकांचा प्रश्न सुरू होतो: कमांड कधी? म्हणजे कप्तान कधी होणार? प्रश्न साधा वाटतो. मात्र त्यात धरून चाललेली गोष्ट अशी की बढती मिळाली की आयुष्यही सुधारते. या व्यवसायात ते खरे नाही. निदान काही वर्षे तरी नेमके उलटे घडते.

कंपनीत रुजू झालेल्या तारखेवरून वैमानिकाला ज्येष्ठता यादीत एक क्रमांक मिळतो. वरचे निवृत्त झाले, सोडून गेले किंवा वैद्यकीय तपासणीत बाद झाले की तो वर सरकतो. ज्या कंपन्यांत ही यादी काटेकोर पाळली जाते, विशेषतः अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत, तिथे कोणते विमान, कोणती खुर्ची, कोणता बेस, कोणत्या महिन्यात रजा, आठवड्यातले कोणते दिवस घरी, हे सगळे त्या क्रमांकाने ठरते. खोच अशी की क्रमांकाचे मोल माणूस कोणत्या गटात बसला आहे त्यावर अवलंबून असते. उजव्या खुर्चीवरच्या सहवैमानिकांत जो पहिल्या काहींत मोडतो, तोच डाव्या खुर्चीवर गेला की कप्तानांच्या शेपटाला लागतो. पगार वाढतो, खांद्यावर चौथी पट्टी चढते, आणि पहाटे तीनची ड्युटी, स्टँडबायचे दिवस, दिवाळीत परगावच्या हॉटेलातला मुक्काम हे सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. 2023 मध्ये युनायटेड एअरलाइन्समध्ये जाहीर झालेल्या कप्तानपदाच्या जागांपैकी जवळजवळ निम्म्यांना अर्जदारच मिळाले नव्हते. पात्र लोक होते, पगारही मोठा होता. पण सोमवारी सकाळी मुलांना शाळेत सोडता येते आणि शनिवार आपला असतो, हे सोडायला ज्येष्ठ सहवैमानिक तयार नव्हते.

यावर पहिली प्रतिक्रिया 'सुखासीनपणा' अशी होते. आपल्या मध्यमवर्गीय हिशेबात बढती नाकारणारा माणूस एक तर आळशी, नाही तर परीक्षेत नापास झालेला. पण वैमानिकाची नोकरी इतर नोकऱ्यांसारखी मोजता येत नाही. बँकेतला अधिकारी बढती घेऊन उशिरा घरी येतो, पण रोज घरीच येतो. वैमानिकाला वेळ तासांत मिळत नाही, दिवसांत मिळतो, आणि तोही कोणते दिवस हे दुसरा ठरवतो. म्हणून या व्यवसायात क्रमांक हे एक चलनच आहे: पगाराच्या रुपयांनी जे विकत घेता येत नाही ते त्याने घेता येते. ज्याने हे चलन कप्तानपदासाठी खर्च केले त्याने काही तरी दिले, एवढे तरी मान्य करायला हवे. ज्याने ते जपून ठेवले त्याने हिशेबच केलेला असतो.

इथवरचे सारे अमेरिकेपुरते बिनतोड आहे. ते तसेच्या तसे मुंबईच्या बेसवर आणून ठेवले की एक दणकट आक्षेप समोर येतो, आणि मला तो बराचसा मान्य आहे. ज्येष्ठतेचे चलन ज्या टांकसाळीतून निघते ती कंपनी जिवंत राहिली तरच त्याला किंमत. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर 2012 मध्ये जमिनीवर बसली ती बसलीच. जेट एअरवेजचे उड्डाण 17 एप्रिल 2019 च्या रात्री थांबले. गो फर्स्टने मे 2023 च्या सुरुवातीला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि विमाने थांबवली. जेटमध्ये पंचवीस वर्षे काढून यादीच्या माथ्यावर पोहोचलेल्या कप्तानाचा क्रमांक त्या एका रात्रीत शून्य झाला. दुसऱ्या कंपनीत तो गेला तेव्हा कालपरवा लागलेल्या माणसाच्या मागे उभा राहिला. पण एक गोष्ट त्याच्याबरोबर गेली: कप्तान म्हणून उडवलेले तास. लॉगबुकातले ते तास कोणत्याही कंपनीत, दुबईत किंवा दोह्यात, चालतात. म्हणजे भारतात जपून ठेवलेला क्रमांक बुडू शकतो आणि कमावलेली कमांड बुडत नाही. त्यात एअर इंडियाने 2023 मध्ये 470 आणि इंडिगोने 500 विमाने मागवली. अशा विस्ताराच्या काळात कमांड लवकर मिळते आणि मागची भरतीही इतकी वेगाने होते की नवा कप्तान फार दिवस शेपटाला राहत नाही. तेव्हा आपल्याकडचा तरुण सहवैमानिक डाव्या खुर्चीकडे धावतो त्याला हाव म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने शेजाऱ्यांची बुडालेली बचत पाहिली आहे.

कंपनी बुडाली नाही, नुसती दुसरीत मिसळली, तरी हेच. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स कागदावर एक झाल्या, पण वैमानिकांच्या दोन याद्या एक होईनात. दोन्ही बाजूंच्या मानवसाधनाचे हे गुंते सोडवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. तिचा अहवाल 2012 च्या जानेवारीत आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला आणि तो 58 दिवस चालला. वादाचे तोंड होते बोइंग 787 चे प्रशिक्षण. ही विमाने विलीनीकरणाच्या आधी एअर इंडियाने मागवली होती. त्यांवर इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना बसवले तर आपली बढती लांबते, असे संपवाल्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की कंपनी एक तर विमानेही सगळ्यांची. या भांडणाला अहंकार म्हणणे सोपे होते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे लोक आपल्या आयुष्याची पुढली वीस वर्षे कुठे आणि कशी जाणार, यावर भांडत होते. 2024 च्या एप्रिलमध्ये विस्तारा या कंपनीची उड्डाणे कोलमडली तेव्हाही तक्रार अशीच होती: एअर इंडियात विलीन होण्यापूर्वी नवे वेतन लागू झाले आणि हमीच्या पगाराचे तास 70 वरून 40 वर आले.

मग ज्येष्ठताच नको, गुणवत्तेवर बढती द्या, असे कोणी म्हणेल. इतर क्षेत्रांत मीही तसे म्हणेन. विमानाच्या कॉकपिटमध्ये मात्र ते धोक्याचे आहे. एक तर किमान गुणवत्ता इथे गृहीत धरलेलीच नसते, ती सिम्युलेटरवर वर्षातून दोनदा तपासली जाते. ज्येष्ठ असूनही जो त्यात नापास होतो त्याला खुर्ची मिळत नाही. त्यापलीकडची गुणवत्ता कोण ठरवणार? व्यवस्थापन ठरवणार असेल तर इंधन जास्त मागणारा, वादळ पाहून वाट बदलणारा, 'मी आज थकलो आहे, उडणार नाही' असे सांगणारा वैमानिक त्याच्या वहीत गुणी ठरेल की नाठाळ? क्रमांकाने दिलेली बढती कोणाच्या नाराजीने हुकत नाही, म्हणून नाही म्हणण्याचे बळ माणसात राहते. बडोद्याची अनेक मराठी घराणी गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने इथे स्थिरावली; मर्जीवरची बढती आणि तिची किंमत त्यांना समजावून सांगायला नको. शिवाय आपल्याकडे नापसंत कंपनी सोडून जाणेही सोपे नाही. नागर विमानन महासंचालनालयाच्या 2017 च्या नियमाने कप्तानाला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. 2023 मध्ये अकासा एअरने नोटीस न पाळता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. जिथे पाय असे बांधलेले, तिथे आतल्या क्रमांकाचे मोल आणखी वाढते.

तरीही ज्येष्ठतेच्या बाजूने एवढे बोलून मी थांबणार नाही, कारण खरी गफलत पुढे आहे. क्रमांकाने काय विकत घेता यावे आणि काय मुळीच विक्रीला असू नये, यांत आपण फरक करत नाही. गणपतीतली रजा, रविवार, आवडते विमान, घराजवळचा बेस या गोष्टी थोड्या आहेत आणि सगळ्यांना हव्या आहेत. त्या कोणाला द्यायच्या हे ठरवायला तारखेपेक्षा निष्पक्ष कसोटी मला सुचत नाही. कप्तानाला दिवाळी मिळाली की नाही याने प्रवाशाचे काही अडत नाही. झोपेचे तसे नाही. ज्या व्यवस्थेत पुरेशी विश्रांती हीसुद्धा ज्येष्ठांना मिळणारी सवलत होते, तिथे सगळ्यांत वाईट रात्री सगळ्यांत नव्या कप्तानाच्या वाट्याला येतात. म्हणजे ज्याला निर्णय घेण्याचा अनुभव सर्वांत कमी, तोच शरीर सर्वांत मंद असते त्या वेळी निर्णय घेतो. हे कोणी ठरवून केलेले नाही. क्रमांकाला सगळेच विकत घेऊ दिले की ते आपोआप होते.

हे सोडवण्याचा मार्ग क्रमांकातून जात नाही, कायद्यातून जातो, आणि जानेवारी 2024 मध्ये महासंचालनालयाने तो धरलाही होता. नव्या नियमांत साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली, आणि रात्रीच्या ड्युटीतल्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. बडोद्याच्या माणसाला हा फरक कसा लागतो तो पाहा. मुंबईच्या बेसवरून दांडिया बाजारातल्या घरी यायचे तर दारापासून दारापर्यंत सहा तास धरावेत, जायला तितकेच. छत्तीस तासांतून बारा वजा केले की चोवीस उरतात, अठ्ठेचाळीसातून छत्तीस. घरात मिळणारा वेळ नियमातल्या एका आकड्याने दीडपट झाला, आणि त्यासाठी कोणालाही यादीत वर सरकावे लागले नाही. उजव्या खुर्चीवर दहा वर्षे थांबून जे मिळाले नसते ते सर्वांत कनिष्ठालाही मिळाले.

पुढे झाले ते असे. कंपन्यांनी विरोध केला, तारखा पुढे गेल्या, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि नियम जुलै व नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत आणायचे ठरले. दुसरा टप्पा सुरू झाल्यावर महिन्याभरात इंडिगोचे वेळापत्रक कोसळले. 5 डिसेंबरला एका दिवसात हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे ढीग पडले, आणि महासंचालनालयाने रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून त्या कंपनीला फेब्रुवारीपर्यंत सूट दिली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, हे कलमही मागे घेतले. गोंधळात या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे तेच होते. रजा ही माणसाची कमाई आणि विश्रांती ही उड्डाणाची अट. त्या दोन्हींत अंतर आहे असे कायद्याने स्पष्ट सांगितले होते. ते अंतर पुसले की वैमानिक आपल्या रजेतून आपली झोप भागवतो, आणि रजा पुन्हा क्रमांकाप्रमाणे वाटली जाते.

कंपन्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. विश्रांती वाढली की तेवढ्याच उड्डाणांना अधिक वैमानिक लागतात, खर्च वाढतो, तिकीट महागते. कप्तान एका दिवसात तयार होत नाही. यांतले प्रत्येक वाक्य खरे आहे. पण नियम जाहीर होऊन दुसरा टप्पा लागू होईपर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली होती. तेवढ्या अवधीत मागवलेल्या विमानांची बातमी आली, नव्या मार्गांची आली. माणसे किती लागतील हा हिशेब त्याच वेळी करायचा होता. उरला तो आक्षेप सामान्य वाचकाचा: महिन्याला काही लाख मिळवणाऱ्यांच्या झोपेची काळजी आपण का करावी? त्यांच्यासाठी करू नये. त्यांच्या मागे दोनशेच्या आसपास माणसे बसलेली असतात, आणि त्यांतले कोणीही तिकीट काढताना कप्तानाचा क्रमांक विचारत नाही.

झोप अशी बाजाराबाहेर काढली की करिअर आणि राहणीमान यांतली निवड पहिल्यांदा खऱ्या अर्थाने निवड होते. मग कोणी कमांड लवकर घेऊन काही वर्षे बेस बदलत फिरेल, आखातात जाईल. कोणी अहमदाबादचा बेस मिळवून उजव्या खुर्चीवर चार वर्षे जास्त बसेल, कारण 93 किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाने रात्री घर गाठता येते आणि म्हाताऱ्या आईवडिलांना घर सोडायला लावावे लागत नाही. दोघांनाही नावे ठेवण्याचे कारण नाही. आज मात्र हे दोन हिशेब वेगळे करता येत नाहीत. म्हणून नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या इथल्या सहवैमानिकाने कमांड किती वर्षांत, हे जरूर विचारावे. त्याच्याआधी विचारावे की रोस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता, किती दिवस आधी हातात पडतो आणि लागल्यावर किती वेळा बदलतो, बेस बदलून मागणाऱ्यांची यादी लेखी असते की साहेबाच्या टेबलात, आणि विश्रांतीचा दिवस रजेत कापला जातो का. या प्रश्नांना लेखी उत्तर देणाऱ्या कंपनीत चौथी पट्टी वर्ष-दोन वर्षे उशिरा मिळाली तरी चालेल, असे मला वाटते.