नकाराचे मोल

आम्हा शिक्षकांना एका शब्दाची फार सवय असते. तो शब्द म्हणजे 'हो'. फळ्यावर गणित सोडवून झाले, खडूचे हात झटकले आणि वर्गाकडे वळून "समजले का रे?" असे विचारले, की तीस-पस्तीस मुखांतून एकच उत्तर येते, "हो, गुरुजी!" त्या उत्तराने जीव सुखावतो, पुढचे गणित घ्यायला आपण मोकळे होतो. मग चाचणीच्या वह्या तपासायला घेतल्या, की त्या 'हो'त काय होते ते कळते. मुलांना गणित समजलेले नसते. गुरुजींना काय ऐकायचे आहे, तेवढे मात्र अचूक समजलेले असते.

ऐन दिवाळीत, वाचक फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेला असताना, या 'हो'विषयी चार शब्द लिहायला मी बसलो आहे, त्याला कारण एक म्हातारा आहे.

गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पलीकडे, एका लहानशा गावी कामानिमित्त जाणे झाले होते. गावात शिरताच एक समाजमंदिर लागले. भिंतींचा रंग उडालेला, दाराला कुलूप, ओसरीवर शेळ्या. त्याच ओसरीच्या कडेला एक गोंड म्हातारा दोरी वळीत बसला होता. मी सहज विचारले, "बाबा, हे कोणी बांधले?"

"सरकारनं."

"तुम्हांला हवे होते का?"

म्हातारा हसला. "आमाले तं बोडी पाहिजे होती," तो म्हणाला. गावाच्या वरच्या अंगाची बोडी कित्येक वर्षांपासून फुटलेली होती आणि धान पोटरीत आला, की शेवटच्या पाण्यावाचून वाळत होता.

"मग साहेबांनी विचारले नाही?"

"विचारलं ना. समाजमंदिर पाहिजे का, म्हणून विचारलं. आमी हो म्हटलं."

"अहो, पण का?"

"गुरुजी, हो म्हटलं का सायेब लवकर जाते." थोडा वेळ दोरी वळून, माझ्याकडे न पाहताच तो पुढे म्हणाला, "रातच्याले येत होते, त्याईलेबी आमी होच म्हणत होतो."

बसची वेळ झाली होती. मी उठलो आणि म्हटले, "पुढच्या खेपेला येईन, तेव्हा निवांत बोलू. चालेल ना?"

"हो, गुरुजी," तो म्हणाला.

बस सुटल्यावर मला तो 'हो' कळला.

वाचकहो, या म्हाताऱ्याचे आयुष्य ज्या काळात गेले, तो काळ आपण वर्तमानपत्रांतून वाचलेला आहे. १९८० च्या सुमारास प्राणहिता-गोदावरीच्या पलीकडून बंदूकधारी दलम या रानात आले. १९८२ च्या ऑगस्टात चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. तेव्हापासून चार दशके या रानातल्या माणसाला दोन धनी होते. रात्री येणारे म्हणत, मतदान करू नका, रस्ता होऊ देऊ नका. दिवसा येणारे विचारीत, रात्री कोण आले होते, कोणी भाकर घातली? भाकर घातली तरी गुन्हा, न घातली तरी गुन्हा. खबऱ्या ठरवून कित्येकांना मारण्यात आले. संशयावरून कित्येकांना उचलून नेण्यात आले. दोन्ही बाजू त्याच्याच कल्याणाची भाषा बोलत होत्या आणि त्याला मात्र एकच शब्द शिल्लक राहिला होता.

२०२५ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, भूपती या नावाने ओळखला जाणारा मल्लोजुला वेणुगोपाल राव याने आपल्या साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे खाली ठेवली. ज्यांच्या घरची माणसे या झगड्यात गेली, मग ती पोलिसांची असोत की पाड्यावरची, त्यांच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट नाही. पण बंदूक खाली ठेवली म्हणजे शांतता आली का? आता रस्ते येतील, खाणी येतील, योजना येतील. सुरजागडच्या टेकड्यांतले लोहखनिज बाहेर पडूच लागले आहे. यातले काय हवे, काय नको, कुठे हवे आणि किती हवे, हे ठरवायचे कोणी? मला वाटते, शांततेची खरी कसोटी बंदुकीच्या आवाजावर नाही. भर सभेत उभे राहून साध्या माणसाला 'नाही' म्हणता येते का, आणि तसे म्हणून रात्री आपल्या घरी निर्धास्त झोपता येते का, ही ती कसोटी आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला किंमत नाही. आणि तसल्या होकारावर उभारलेले विकासाचे घर म्हणजे शेळ्या बसायची ओसरी.

हे नाही म्हणणे शिकता येते काय? येते. त्याच धानोरा तालुक्यात लेखा गावाजवळ मेंढा नावाचे गोंडांचे छोटेसे गाव आहे. देवाजी तोफा हे त्या गावचे, आणि चंद्रपूरचे सर्वोदयी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे बाहेरचे मित्र होते. 'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही त्यांची घोषणा. बाहेरच्या मित्राने माहिती द्यावी, सल्ला द्यावा, पण निर्णय गावाने घ्यावा, अशी त्यांची रीत. त्यासाठी गावात अभ्यासगट बसतो. ग्रामसभेत स्त्री-पुरुष सारखेच, आणि निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाने जरी मनापासून नाही म्हटले, तरी विषय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बोलायचे.

आपल्याला हा पोरखेळ वाटेल. एकावन्न हात वर झाले की विषय संपला, अशी आपली सवय. पण विचार करा. जिथे दोन बंदुका चार दशके गावाभोवती फिरत होत्या, तिथे हरलेला एकोणपन्नासावा माणूस आपले गाऱ्हाणे घेऊन कुठे जाईल? रात्री एका तळाकडे, नाहीतर दिवसा दुसऱ्या. गावात न मिटलेले भांडण बाहेर गेले, की त्याचा मुडदा होऊन परत येतो. म्हणून त्या एकाला सभेतच थांबवून, त्याचे शेवटपर्यंत ऐकून घेणे, ही चैन नव्हे. ते गावाचे कुंपण आहे.

असल्या सभेच्या बळावरच मेंढ्याने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या रानावर दावा केला आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. हक्क मिळाला, पण बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना मिळेना. तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी २०११ च्या एप्रिलात गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. २०१२ साली हक्क मिळाल्यावर त्या गावाने बांबू तोडायचे ठरवले, पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असे ठरवले. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. पण त्यासाठी झाडे छाटावी लागतात, रानाला आगी लागतात आणि टेंभरे धरत नाहीत. गरिबाने पैशाला नाही म्हणावे, हे आपल्या हिशेबात बसत नाही. त्यांच्या हिशेबात बसले, कारण पुढच्या वर्षीही त्याच रानात राहायचे होते.

दूरच्या कोलंबिया देशात पन्नासहून अधिक वर्षे चाललेल्या यादवीनंतर २०१६ साली करार झाला, तेव्हा युद्धाने पोळलेल्या १७० तालुकावजा विभागांचे आराखडे वाड्यावस्त्यांवरच्या सभांपासून सुरू करायचे ठरले. म्हणजे जे मेंढ्याला उमगले, ते तिकडच्या शहाण्यांनाही उमगले म्हणायचे.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, 'गाव करी ते राव न करी' ही म्हण वाचायला गोड आहे. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा तापाने फणफणलेल्या पोराला सर्वसहमती होईपर्यंत थांबवायचे का? हा आक्षेप खोटा नाही. मला वाटते, यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. औषध, शाळा, नाल्यावरचा पूल हे त्या माणसाचे आपल्याकडे असलेले देणे आहे, आणि देणे फेडताना कोणी धनकोला 'हवे का?' असे विचारीत नसतो. फार तर 'कुठे आणून देऊ?' असे विचारावे. पण रान तोडायचे की राखायचे, डोंगर खणायचा की पुजायचा, बोडी बांधायची की मंदिर, ही देणी नव्हेत. या त्यांच्या जगण्याच्या निवडी आहेत. तिथे त्यांच्या वतीने आपण हो म्हणणे म्हणजे परोपकाराचे सोंग घेतलेली दांडगाईच.

आणि गाव म्हणजे सगळे साधुसंत, असेही कोणी समजू नये. जो मोठा जमीनदार आहे, ज्याचा आवाज चढा आहे, तो गावातसुद्धा दुसऱ्याचा नकार गिळू शकतो. म्हणूनच सभेत कोण बोलले यापेक्षा कोण बोलले नाही, हे आधी पाहावे. मागे बसलेली विधवा नाही म्हणू शकते, तेव्हाच ते गाव हो म्हणायला लायक झाले.

त्या खेपेनंतर मी फार मोठे काही केले नाही. फक्त वर्गात "समजले का रे?" हे विचारणे सोडले आणि "कुठे अडले?" असे विचारू लागलो. चार-पाच दिवस वर्ग गप्प होता. मुले माझ्याकडे अशी बघत होती, की यात काहीतरी मेख असावी! मग एके दिवशी मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी उभी राहिली आणि जमिनीकडे पाहत म्हणाली, "गुरुजी, मला पहिल्यापासूनच नाही समजले."

मी फळा पुसला. त्या दिवशी तास संपेपर्यंत आमचे एकच गणित झाले.

त्या म्हाताऱ्याकडे मात्र मला अजून जायचे आहे. या खेपेला शेवटची बस चुकली तरी चालेल.