दुखणे कोणी सांगावे?

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हालेली माणसे पाहावीत. त्यांतली कितीतरी स्वतःसाठी आलेली नसतात. कोणी अंथरुणाला खिळलेल्या बापासाठी डोंगर चढतो, कोणी लेकीच्या पोरासाठी गुलाल-खोबरे उधळते. देवापुढे दुसऱ्याच्या वतीने बोललेले चालते; न बोललेले तो जाणतो, अशी श्रद्धा असते. पण घरोघरी प्रकृती विचारीत फिरणाऱ्या पाहणीदाराला अंतर्ज्ञान नसते. त्याला जे सांगावे तेच तो लिहितो.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 मधील पंचाहत्तराव्या फेरीत असेच विचारले गेले : गेल्या 15 दिवसांत कोण आजारी होते, गेल्या 365 दिवसांत कोण इस्पितळात राहिले. अशा वेळी पुष्कळदा एकच माणूस साऱ्या घराची उत्तरे देतो. इस्पितळ घर विसरत नाही; त्याचे बिल लक्षात राहते. पण सुनेची कंबर, सासूचे अंधुक डोळे यांचा हिशेब कोण ठेवतो? जे दुखणे तोंडातून निघाले नाही, ते कर्त्या पुरुषाच्या लेखी झालेलेच नसते.

मग ज्याचे त्यालाच विचारावे म्हटले, तर तेही पुरत नाही. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. स्त्रीरोगाच्या तक्रारी 55 टक्के स्त्रियांनी सांगितल्या. रोग आढळला 92 टक्क्यांना. याला खोटेपणा कसे म्हणावे? सोसणे हाच धर्म मानला, की रोगालाही माणूस नशीब म्हणू लागतो. उलट दारू पिणारा स्वतःविषयी सांगणार नाही ते त्याची बायको सांगेल. तान्ह्या मुलाविषयी आईलाच विचारावे लागते.

म्हणजे दोन्ही साक्षी अपुऱ्या. तरी त्या सारख्या नव्हेत. घरचा माणूस दुखण्याचा साक्षीदार असतो, धनी नसतो. जी गप्प राहिली तिला एकांतात, मायेने पुन्हा विचारता येते. जिला विचारलेच नाही तिच्या मौनावर उपाय नाही. म्हणून कागदावर 'आजार नाही' असे लिहिताना ते कोणी सांगितले, हेही लिहिले पाहिजे. त्या कागदांच्या बेरजेवरून उद्या दवाखान्यांची गरज मोजली जाते.

ही शिस्त सरकारी वहीपुरतीच कशाला? या दिवाळीत फराळाचे ताट पुढे करणारीला "बरी आहेस ना?" असे विचारू नये, त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. "तुझे काय दुखते?" असे विचारावे, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला मध्येच उत्तर देऊ देऊ नये.