हायड्रोजन कोणाकडे?

राजेंद्रनगर, इंदूर

चि. सईस,


तुझी शंका रास्त आहे. ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांच्या बाजूच्या शाखांवर ऋणभार असतो असं पुस्तक सांगतं, तर मग एचआयव्हीच्या प्रोटिएझ या प्रथिनं तोडणाऱ्या विकरामध्ये दोन ॲस्पार्टिक शाखा एकमेकींना खेटून कशा?

पुस्तकाचं चुकलेलं नाही. मोकळ्या पाण्यात या शाखांचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या शाखा हायड्रोजन सोडतात तो, 4 च्या आसपास असतो. त्यामुळे पीएच 7 ला हजारात जेमतेम एकीकडे हायड्रोजन टिकतो, बाकीच्यांवर ऋणभार येतो. पण प्रथिनाच्या घडीत अशा दोघी समोरासमोर आल्या, की एका म्यानात दोन तलवारी होतात. दोघींवर भार राहिला तर ढकलाढकली ठरलेलीच. म्हणून एक जण हायड्रोजन सोडत नाही, तिचा पीकेए वर चढतो आणि त्याच हायड्रोजनने ती दुसरीशी बंध जोडते. आपल्या जठरातल्या पेप्सिनमध्येही अशीच जोडी काम करते.

प्रोटिएझमध्ये 99 अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या असतात आणि प्रत्येकीतली 25 वी शाखा या जोडीत येते. विषाणूचं लांबलचक प्रथिन इथेच तुटतं. सॅक्विनावीरसारखी औषधं आपला हायड्रॉक्सिल गट नेमका या दोघींमध्ये घुसवतात आणि काम थांबतं. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मधुसूदन होसूर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये ही तोडणी नुकतीच झाल्यानंतरची अवस्था स्फटिकात पकडली. त्यांना तिथे नेहमीपेक्षा आखूड हायड्रोजन बंध आढळला.

आता खरी मेख. क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनमुळे, आणि हायड्रोजनकडे असतो एकच. त्यामुळे तो सहसा दिसतच नाही, अंतरावरून ओळखावा लागतो. नेहमीच्या बंधात हायड्रोजनच्या दोन्ही बाजूंचे ऑक्सिजन एकमेकांपासून 2.8 अँगस्ट्रॉमच्या आसपास असतात. हे अंतर 2.5 वर आलं, तर हायड्रोजन जवळजवळ दोघींचा सामाईक झालेला असू शकतो. अशा मोजणीसाठी प्रखर क्ष-किरण लागतात. आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या (पूर्वीच्या कॅटमधल्या) इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर भाभा केंद्राने खास प्रथिनांच्या स्फटिकांसाठी 21 क्रमांकाची बीमलाइन उभारली आहे.

यापुढे प्रथिनाचं चित्र उघडलंस, की रंगांवर भाळू नकोस. आधी त्याचं रिझोल्यूशन बघ. ते ढोबळ असेल तर दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर विसंबू नये. मग स्फटिक कोणत्या पीएचला वाढवला ते शोध, दोन ऑक्सिजनमधलं अंतर मोज आणि हायड्रोजन कोणाकडे आहे ते कारणासह मला कळव.

तुझा,
आबा