मुका मार

गुडघा कधीपासून दुखतो, असं विचारलं की आई-वडील बहुधा पडल्याची हकिकत सांगतात. कबड्डीत पडला, सायकलवरून घसरली. हाडांचा डॉक्टर म्हणून मी अशा हकिकती वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्या खोट्या नसतात, पण वाढत्या वयाचं मूल सतत पडतच असतं. त्यामुळे कुठल्याही दुखण्याला एखादं पडणं जोडता येतं, आणि ‘मुका मार आहे, जाईल’ म्हणत महिने निघून जातात.

कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुण खेळाडूचंही तसंच झालं. नोव्हेंबर १९७६मध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला, उजव्या गुडघ्याला थोडं लागलं. पुढे गुडघा दुखतच राहिला, तरी बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत त्यानं कळ सोसली. मार्च १९७७मध्ये निदान झालं, ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. अठराव्या वर्षी गुडघ्याच्या वरून पाय कापावा लागला. कॅन्सर अपघातामुळे झाला असावा, असं त्याला वाटत होतं. डॉक्टरांना ते मान्य नव्हतं. मार लागल्यानं हा कॅन्सर होत नाही. फार तर आधीच दुखऱ्या झालेल्या जागेकडे लक्ष जातं.

ऑस्टिओसार्कोमा विरळाच. पण तो गाठतो तो बहुधा हाडं झपाट्यानं वाढतात त्या वयात, आणि सर्वांत जास्त गुडघ्याच्या आसपास. त्याखालोखाल दंडाच्या हाडात, खांद्यापाशी. वाढीच्या वयातलं साधं दुखणं बहुतेकदा दोन्ही पायांत असतं, संध्याकाळी-रात्री येतं आणि सकाळी मूल पुन्हा उड्या मारतं. एकाच जागी, एकाच बाजूला ठणका, विश्रांतीनंही न थांबणारा, झोपेतून उठवणारा, मग सूज किंवा लंगडणं, असं काही आठवडे चाललं तर साधा एक्स-रे काढायलाच हवा. अगदी सुरुवातीला तोही निर्दोष दिसू शकतो. दुखणं हटलं नाही तर एमआरआय करावा. तोवर मालीश नको. पोखरलेलं हाड मोडू शकतं.

शंका आली की तपासणीसाठी हाडाचा तुकडाही वाटेल तिथे काढू नये, हे मी प्रत्येक घराला आग्रहानं सांगतो. पुढची शस्त्रक्रिया जिथे होणार, परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी, तिथल्याच लोकांनी तो काढावा. सुई चुकीच्या वाटेनं गेली तर वाचू शकणारा पायही गमवावा लागतो. आज केमोथेरपी आणि आतून बसवलेला धातूचा सांधा यांमुळे बहुतेक मुलांचा पाय वाचवता येतो.