नकाशाचा मध्य कोणाचा?

मुलांना जगाचा भूगोल कशासाठी शिकवावा, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा वाटतो. पण थोडा खोल विचार केल्यास तो नीतीचाही आहे, असे आढळून येते. देशांच्या राजधान्या, नद्या आणि पिके पाठ केली की परीक्षेत गुण मिळतात. परंतु वेगळ्या हवेत, वेगळी भाषा बोलत, वेगळ्या रीतीने जगणारा माणूस आपल्याइतकाच पूर्ण माणूस आहे, ही जाणीव त्या पाठांतराने मुलाच्या मनात रुजते काय?

एकेकाळी भूगोलाच्या पुस्तकांत ‘एस्किमो’ लोकांवर एक धडा हमखास असे. बर्फाचे घर, सीलचे मांस आणि कुत्र्यांची गाडी एवढ्या तीन गोष्टींत एका समाजाचे सारे आयुष्य आटोपले जाई. त्या लोकांपैकी मोठा समाज स्वतःला ‘इन्युइट’ म्हणवतो आणि त्या शब्दाचा अर्थ ‘माणसे’ असा आहे, हे त्या धड्यातून मुलांना क्वचितच कळे. ‘इग्लू’ या त्यांच्या शब्दाचा अर्थही नुसता ‘घर’ एवढाच आहे. मग ते लाकडाचे असो, दगडमातीचे असो की बर्फाचे. असा धडा वाचून मुलाला गंमत वाटते. पण ती जत्रेतील तंबूत शिरून काहीतरी विचित्र पाहिल्याची गंमत असते. आपण पाहणारे आणि ते दाखवले जाणारे, असा भेद तिथे नकळत पक्का होतो.

भिंतीवरचा नकाशाही अशीच नकळत शिकवण देत असतो. शाळाशाळांतून दिसणारा जगाचा परिचित नकाशा मर्केटर याने १५६९ साली योजलेल्या पद्धतीवर आधारलेला असे. नकाशावर सरळ रेघ मारून दिशा धरता यावी, ही खलाशांची गरज त्याने उत्तम भागवली. पण त्या पद्धतीत ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. त्यामुळे ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट मोठी आहे. आर्नो पीटर्स याने १९७३ साली क्षेत्रफळाचे प्रमाण राखणारा नकाशा हिरिरीने मांडला, तेव्हा अनेक ख्रिस्ती संस्थांनी तो आपलासा केला. त्यात देशांचे आकार मात्र ओढल्यासारखे लांबट होतात. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची म्हणजे काहीतरी सोडावेच लागते. काय सोडले आणि कोणाच्या सोयीसाठी सोडले, हे विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे.

या बाबतीत मातेओ रिच्ची या येशूसंघीय धर्मगुरूंचे उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते. इटलीत जन्मलेले रिच्ची १५७८ साली गोव्यात आले आणि १५८२ मध्ये मकावला गेले. चीनमध्ये त्यांनी जगाचा नकाशा दाखवला, तेव्हा आपला देश एका कडेला पाहून तेथील विद्वान नाराज झाले. पुढे चिनी विद्वानांच्या साहाय्याने १६०२ साली बीजिंगमध्ये त्यांनी जो भव्य नकाशा छापला, त्यात चीन मध्याजवळ आला व युरोप डावीकडे सरकला. ही खुशामत झाली काय? आम्हांस तसे वाटत नाही. गोलाच्या पृष्ठभागाला मध्य नसतो. तेव्हा युरोप मध्ये ठेवणे जितके खरे, तितकेच चीन मध्ये ठेवणेही खरे. शिवाय त्याच नकाशाने चिनी वाचकाला त्याने कधी न ऐकलेले खंडही दाखवले. रिच्चींनी समोरच्याचा मान राखला आणि सत्यही लपवले नाही. मुख्य म्हणजे, शिकवण्यापूर्वी ते स्वतः शिकले. त्यांनी चिनी भाषा व ग्रंथ आत्मसात केले आणि १५९५ साली मैत्रीवर चिनी भाषेतच एक छोटे पुस्तक लिहिले.

आपल्या किनाऱ्यावरही हेच घडले होते. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, येथील भाषेचे विद्यार्थी झाले आणि १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ त्यांनी मराठी ओवीत रचले. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली, हेही विसरता येत नाही. परक्याची भाषा शिकणारा आणि ती बुजवू पाहणारा, दोघेही दूर देशाहून आले होते. म्हणजे नुसत्या प्रवासाने मन विशाल होतेच असे नाही.

येथे एक रास्त शंका उभी राहते. सर्वांच्या रीतींचा आदर करायचा, तर मग चूक आणि बरोबर काही उरतच नाही काय? रिच्चींनाही हा प्रश्न चुकला नाही. पूर्वजांना वंदन करण्याची चिनी रीत त्यांनी सन्मानाची मानली. बौद्ध मतावर मात्र त्यांनी कडक टीका केली आणि त्या टीकेत ते सर्वत्र न्याय्य होते, असे म्हणवत नाही. त्यांच्या पश्चात पूर्वजवंदनावरून ख्रिस्तसभेत मोठा वाद पेटला. १७०४ मध्ये आणि पुन्हा १७४२ मध्ये रोमने त्यास मनाई केली. १९३९ साली ती सैल झाली. एका रीतीचा अर्थ उमगण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला! यावरून आम्ही एवढाच बोध घेतो, की न्याय करण्याचा अधिकार सोडायचा नाही, पण समजून घेण्यापूर्वी तो वापरायचा नाही. जी रीत माणसाला चिरडते ती परक्याची असो वा आपली, तिला अन्याय म्हटलेच पाहिजे; आणि मुलाने प्रथम आपल्या घरातील अन्यायाकडे पाहायला शिकावे.

वर्गात यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. पृथ्वीचा गोल हाती द्यावा व कोठूनही फिरवू द्यावा. दूरच्या देशाचा धडा संपला की एक प्रश्न विचारावा : तिथल्या मुलाच्या पुस्तकात आपल्यावर धडा असेल, तर त्यात काय लिहिलेले असेल? ‘हे लोक हाताने भात खातात, चार महिने पावसात राहतात’ एवढेच का? मूल ताबडतोब म्हणेल, आम्ही एवढेच नाही! तेच वाक्य त्या दूरच्या मुलाच्या तोंडीही शोभते, हे त्याला कळले की भूगोल शिकवून झाला.

आणि आरंभ दूरच्या देशापासून करण्याचीही गरज नाही. वसईच्या एकेका धर्मग्रामात सामवेदी, वाडवळी, कोळी अशा बोली नांदतात. रोजगारासाठी दुरून आलेल्या कुटुंबांची मुले त्याच वर्गात बसतात. आपली तरुण मंडळी आखातात व कॅनडात जातात, तेव्हा तेथे त्यांच्या उच्चारांना कोणी हसू नये, असे आपणांस मनापासून वाटते. मग शेजारच्या बाकावरील मुलाच्या बोलीला वर्ग हसतो, त्या वेळी आपण काय करतो? जगाच्या विविधतेचा धडा आपण किती खरेपणाने शिकवला, याची परीक्षा त्या क्षणी होते. आणि ती विद्यार्थ्यांची नसून पालकांची व शिक्षकांची असते.