काचेच्या पेटीचा निरोप



येत्या महिन्यात माझी बदली होत आहे, हे आपणास ठाऊक आहे. माझे कपडे आणि पुस्तके एका संध्याकाळी बांधून झाली. अडले ते फिशटँकपाशी. धर्मगुरू निवासाच्या बैठकीत सहा वर्षे असलेली ती तीन फुटी काचेची पेटी, त्यातले चार गोल्डफिश आणि रात्री काच चाटत फिरणारा एक सकर मासा. नव्या ठिकाणी त्यांना जागा नाही. गेल्या शनिवारी ती पेटी मी एका कुटुंबाला दिली.

माशांचा निरोप हा काय प्रवचनाचा विषय झाला, असे कुणी म्हणेल. पण त्या निरोपाने मला तीन गोष्टी शिकवल्या.

धर्मशिक्षणाला येणारा एक मुलगा म्हणाला, “फादर, बावखलात सोडूया ना! मोकळे होतील बिचारे.” त्याचे मन चांगले होते. तरी मी नाही म्हटले. सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. हौशी लोकांनी सोडून दिल्यामुळे तो आज भारतातील कितीतरी तळ्यांत आणि नद्यांत पसरला आहे. तो काठात बिळे करतो, त्यामुळे काठ ढासळतात. मूळच्या माशांचे अन्न आणि जागा तो बळकावतो. बावखल आपल्या पूर्वजांनी राखले. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच जबाबदारीची आठवण करून दिली. डोळ्यांआड करणे म्हणजे मुक्त करणे नव्हे. ज्याला आपण घरी आणले, त्याची पुढची सोय लावणे हाही प्रेमाचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट फिल्टरच्या स्पंजची. पेटी नेणाऱ्या गृहस्थांना तो काळपट स्पंज पाहून किळस आली. ते नळाखाली धुवायला निघाले. मी त्यांचा हात धरला. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो. तो त्यांना विषासारखा असतो. स्पंजमध्ये वसलेले सूक्ष्म जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्याहून बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनने ते जिवाणू मरतात. म्हणून स्पंज जुन्याच पाण्यात भिजवून न्यायचा. स्वच्छ दिसणारे पाणी जगवणारे असतेच असे नाही.

तेव्हा मला आपला धर्मग्राम आठवला. पहाटे देऊळ झाडणारे हात, आजाऱ्याच्या घरी गुपचूप जेवणाचा डबा पोहोचवणाऱ्या बाया, भांडण चार भिंतींत मिटवणारी वडीलधारी माणसे. वेदीवरून मी दिसतो, ती दिसत नाहीत. पण कडूपणा त्यांनी पचवला म्हणून आपण सारे जगलो. धर्मगुरू बदलतो. तो स्पंज तेवढा ओला ठेवा.

तिसरी गोष्ट सांगायला जड जाते. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात, कलम २४१८ मध्ये, प्राण्यांवर प्रेम करायला मुभा आहे. मात्र जी माया केवळ माणसांना द्यायची, ती त्यांच्याकडे वळवू नये असेही म्हटले आहे. सेमिनरीत संत ऑगस्टीन शिकताना प्रीतीलाही क्रम असतो, हे मी पाठ केले होते. परीक्षेत गुणही मिळवले. आणि तरी एका संध्याकाळी कुणीतरी आपले दुःख घेऊन माझ्यासमोर बसले असताना माझे डोळे त्या पेटीकडे होते. मासा प्रश्न विचारत नाही, रडत नाही, उत्तर मागत नाही. त्याच्याकडे पाहणे सोपे असते. समोरची व्यक्ती बोलता बोलता थांबली आणि उठून गेली. दोष माशांचा नव्हता. ते तर देवाची निर्मिती. आपल्या परीने त्याची स्तुती करीत पोहत होते. पळवाट मी काढली होती.

पेटी गेल्यावर त्या घरी जाऊन मी क्षमा मागितली. चहा मिळाला, आणि राहिलेले बोलणेही पूर्ण झाले.

आपल्याही घरात अशी एखादी पेटी असेल. ती टीव्हीची असेल, मोबाइलची असेल, दुकानाच्या गल्ल्याची असेल. ती फेकून द्या असे मी म्हणत नाही. या आठवड्यात एवढेच पाहा : तिच्याकडे बघताना आपण कुणाकडे बघायचे टाळतो?

बैठकीच्या भिंतीवर आता पेटीच्या आकाराचा एक फिकट चौकोन राहिला आहे. तिथे मी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आहेत. बदलीला अजून तीन आठवडे आहेत. संध्याकाळी दार उघडे असेल. अवश्य या.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू